आठ महिने फायरफॉक्स आणि साधं एचटीएमएल: वापरानंतरचा अनुभव

आठ महिने झाले क्रोम बाजूला ठेवून फायरफॉक्सवर आलोय, आणि त्याच सुमाराला माझी छोटी साइट (नोट्स, थोडे फोटो, एक मोठं टेबल, बास) पुन्हा पहिल्यापासून साध्या एचटीएमएलमध्ये (टॅग लावून वेबपान लिहायची भाषा) लिहून काढली. दोन्हीबद्दल एकत्रच लिहितो, कारण माझ्यासाठी ती एकच भानगड होती.

बदलायचं कारण स्पीड वगैरे नाही, रोजच्या वापरात मला तरी फरक कळत नाही. मला वेगळं इंजिन (पानाचा कोड वाचून ते पडद्यावर मांडणारा ब्राउझरचा भाग) हवं होतं. ब्राउझरची नावं ढीगभर, पण ऑपेराने 2013 मध्ये स्वतःचं प्रेस्टो सोडलं, एज 2020 मध्ये क्रोमियमवर (क्रोमचा ओपन सोर्स पाया, त्यातलं इंजिन ब्लिंक) गेला, ब्रेव्ह आणि विवाल्डीही त्यावरच, म्हणजे मोठी इंजिनं उरली तीन: ब्लिंक, ॲपलचं वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको. त्यात ब्लिंक हे वेबकिटमधूनच फुटलेलं. त्यामुळे "चार ब्राउझरमध्ये चेक केलंय" म्हणणाऱ्याने बऱ्याचदा एकाच इंजिनात चारदा चेक केलेलं असतं. मीही तेच करायचो आणि वर छाती काढून सांगायचो.

आता साइटची गंमत. जुनी साइट कुठूनतरी उचललेल्या टेम्प्लेटवर होती आणि त्यातल्या टेबलातली अक्षरं बाकी पानापेक्षा बारीक दिसायची. बॉडीला, म्हणजे अख्ख्या पानाला, साइज दिलेली, टेबल ऐकायचंच नाही. मग मी सीएसएसमध्ये (पान दिसायला कसं असावं ते सांगणारे नियम) टेबलाला वेगळी साइज दिली, मोबाइलसाठी अजून एक, आणि हे ठिगळ दोन वर्षं तसंच चाललं. शेवटी डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या व्हॅलिडेटरमध्ये (पानाच्या कोडातल्या चुका दाखवणारं साधन) पान टाकलं तर पहिलीच तक्रार, डॉकटाइप (पान कोणत्या प्रकारचं ते सांगणारी सगळ्यात वरची ओळ) नाही. ती एक ओळ नसली की ब्राउझर समजतो हे नव्वदच्या दशकातलं जुनं पान आहे आणि क्वर्क्स मोडमध्ये, म्हणजे जुन्या ब्राउझरच्या सवयी पाळणाऱ्या मोडमध्ये, जातो, आणि त्या मोडमध्ये टेबल बॉडीकडून अक्षरांची साइज घेतच नाही! वर एक ओळ टाकली, ठिगळं काढली, टेबल सरळ. दोन वर्षं मी सीएसएसला शिव्या देत होतो.

व्हॅलिडेटरच्या एररची लांबलचक यादी बघून घाबरू नका, एक न बंद केलेला टॅग खाली दहा एरर पाडतो, वरून एकेक सोडवत या, अर्धे आपोआप जातात.

मग हौस म्हणून लिंक्समध्ये साइट उघडली (1992 पासूनचा, फक्त टेक्स्ट दाखवणारा ब्राउझर, यात चित्रं नाहीत की सीएसएस नाही). मेनू, हेडिंग, मजकूर सगळं जागच्या जागी. फोटोंच्या जागी मात्र कॅमेऱ्याने दिलेली फाइलची नावं ओळीने, कारण आल्ट टेक्स्ट (फोटोत काय आहे ते सांगणारा मजकूर) लिहायचा मी आळस केला होता. स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्याला माझी फोटोगॅलरी इतके दिवस कशी ऐकू जात असेल याची तेव्हा जरा लाजच वाटली. एक संध्याकाळ बसून सगळे लिहून काढले.

फायरफॉक्सवर त्रास झाला का? झाला, पण बराचसा ब्राउझरमुळे नाही. एका साइटवर फॉर्म भरायचा होता, तर "तुमचा ब्राउझर सपोर्टेड नाही" म्हणून दारातच अडवलं. ॲडऑन टाकून यूजर एजंट (ब्राउझर साइटला आपली ओळख सांगतो ती ओळ) बदलला, म्हणजे फायरफॉक्सने फक्त सांगितलं की मी क्रोम आहे, आणि अख्खा फॉर्म बिनबोभाट चालला. काहीच कमी पडत नव्हतं, फक्त नाव बघून हाकलत होते. तसं या नावांचं काही खरं नाहीच, क्रोमचा यूजर एजंट उघडून बघा, सुरुवात मोझिला, मग ॲपलवेबकिट, मग "गेकोसारखा", शेवटी सफारी. साइटींनी दारात अडवू नये म्हणून प्रत्येक नव्या ब्राउझरने आधीच्याचं नाव सांगत आत शिरायचं, हे वर्षानुवर्षं चाललंय.

खरी अडचण एकच, गेकोत वेबयूएसबी (वेबपानाला यूएसबी उपकरणाशी थेट बोलू देणारी सोय) नाही. सुरक्षेच्या कारणावरून फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने ते घेतलं नाही. मला कधीतरी कीबोर्डचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) ब्राउझरमधून टाकायचं असतं, तेवढ्यासाठी एक क्रोमियमवाला ठेवलाय. फायरफॉक्सचा रीडर व्ह्यू (फक्त मजकूर ठेवून बाकी पसारा लपवणारा) मात्र आता सुटणार नाही, हेडिंग आणि परिच्छेद नीट टॅगमध्ये असले की पान किती छान मोकळं होतं.

आणि तो फॉर्म. त्यातलं "पुढे जा" हे बटण नव्हतंच, बटणासारखा रंगवलेला डिव्ह (स्वतःला काही अर्थ नसलेला साधा चौकोन) होता. टॅब दाबून त्यावर पोचता येत नाही, एंटर दाबून काही होत नाही. साधा बटण टॅग लिहिला असता तर हे दोन्ही फुकटात मिळालं असतं. म्हटलं कळवूया, फीडबॅकचं पान उघडलं, नीट सविस्तर लिहिलं, सवयीने टॅब दाबला आणि कर्सर "पाठवा" ओलांडून थेट तळातल्या लिंकवर गेला.