मांडवातच फोटो निवडायचे तर : फोटो मेकॅनिक आणि लाइटरूम

अमळनेर, पारोळा, चोपडा या पट्ट्यात मी लग्नं शूट करतो. सकाळच्या हळदीचे फोटो संध्याकाळी एलईडी स्क्रीनवर दिसलेच पाहिजेत, ही आता सगळ्यांचीच मागणी. मे महिन्यात लॅपटॉप तापतो, मध्येच लाइट जाते, हातात जेमतेम तास असतो.

आधीचं सॉफ्टवेअर एकेक रॉ फोटो (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली मोठी फाइल) उघडायला दोन-तीन सेकंद घ्यायचं. एका लग्नात वरण-बट्टीच्या पंगती उठल्या तरी माझी निवड अर्धीच. स्क्रीन रिकामी राहिली. मुलीचे वडील काही बोलले नाहीत, पण मला ते फार लागलं.

आता निवड फोटो मेकॅनिक या फोटो निवडायच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. कॅमेरा रॉ फाइलच्या आतच एक जेपेग, म्हणजे तयार फोटो, ठेवतो. फोटो मेकॅनिक तेच दाखवतं, म्हणून बाण दाबला की पुढचा फोटो हजर! निवडलेल्या फोटोंना दिलेले स्टार लाइटरूम क्लासिक या रंग सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्येही दिसतात. रंग मात्र इथे सुधारता येत नाहीत, त्यामुळे खर्च दोन्हींचा. नवीन पोरांनी आधी लाइटरूममध्येच इम्पोर्ट करताना ‘एम्बेडेड अँड साइडकार’ प्रिव्ह्यू लावून बघावा, तोही कॅमेऱ्याचा तयार जेपेगच दाखवतो.

रंगाचं काम लाइटरूममध्ये स्मार्ट प्रिव्ह्यूवर, म्हणजे मूळ फाइलच्या लॅपटॉपवरच्या लहान प्रतीवर. त्याची लांब बाजू २५६० पिक्सेल, स्क्रीनसाठी भरपूर. हळदीचा पिवळा चेहऱ्यावर चढतो, तो एका फोटोत नीट केला की बाकीचे सिंक, म्हणजे तोच बदल सगळ्यांना लागतो. मूळ फाइल्सची हार्ड डिस्क बॅगेतच राहते, धुळीपासून लांब.