जर्मन डॉक्टरांची पत्रं इंग्रजीत करायला डिक्ट डॉट सीसी कितपत पुरतं?

मेडिकल जर्मनसाठी कुठली डिक्शनरी वापरू हे हल्ली फार जण विचारतात, त्यात २०२४ मध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी मनुष्यबळाचा करार केल्यापासून नर्सिंगवाली मुलंमुलीही जर्मनच्या मागे लागलीत, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. मी पुण्यात बसून जर्मन टु इंग्लिश करते, डॉक्टर नाही, पण काम बरंचसं हॉस्पिटलच्या कागदांचंच येतं. कुणाचे वडील मुलाकडे स्टुटगार्टला गेले आणि तिथे ॲडमिट झाले, आता इकडचा कार्डिओलॉजिस्ट म्हणतो इंग्लिशमध्ये आणा, किंवा इन्शुरन्सवाले मागतात, असं.

आधी निकाल सांगते. फुकटात डिक्ट डॉट सीसीच्या जवळपास जाणारं मला काही सापडलेलं नाही, पाचपैकी चार स्टार. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

डिक्ट डॉट सीसी ही ऑस्ट्रियातली साइट, २००२ पासून चालू आहे, शब्द लोकच टाकतात आणि लोकच तपासतात, ज्याची तपासणी पूर्ण झालेली नाही त्यावर तसं लिहिलेलं असतं. ॲप आहे, ऑफलाइन चालतं, फुकटच्यात जाहिराती सहन करायच्या. पण मला ती आवडते ते वेगळ्याच कारणासाठी, नोंदीशेजारी बारीक अक्षरात विषयाचा शिक्का असतो, मेडिसिनचा वेगळा, ॲनाटॉमीचा वेगळा, औषधांचा वेगळा. नवखी माणसं त्याकडे बघतच नाहीत आणि पहिला दिसेल तो शब्द उचलतात. ‘ब्रुख’ घ्या. शेंकेलहाल्सब्रुख म्हणजे मांडीच्या हाडाची मान मोडली, फ्रॅक्चर, आणि लाइस्टनब्रुख म्हणजे हर्निया, हाडाचा काही संबंधच नाही. किंवा ‘अंगीना’. जर्मन माणूस नुसतं अंगीना म्हणाला तर बहुतेक वेळा त्याचे टॉन्सिल सुजलेत, हृदयाच्या दुखण्याला ते अंगीना पेक्टोरिस असं पूर्ण म्हणतात. आता हा शब्द इंग्रजीत तसाच्या तसा उतरवला की घसा दुखणारा पेशंट थेट हार्ट पेशंट होतो.

लांबलचक जोडशब्दांना तर ही डिक्शनरी झकास. जर्मनमध्ये एकाच अवयवाला नि आजाराला दोन दोन नावं असतात, डॉक्टर एकमेकांना लिहिताना लॅटिन-ग्रीकवालं वापरतात आणि पेशंटशी बोलताना अस्सल जर्मन. न्यूमोनिया म्हणजे लुंगेनएन्टझ्युंडुंग, पॅन्क्रियाज म्हणजे बाउखश्पाइखेलड्र्यूझे, ड्युओडेनम म्हणजे त्स्वोल्फफिंगरडार्म, शब्दशः बारा बोटांचं आतडं. इंग्रजीत हे सगळं बहुतेक वेळा एकाच शब्दात जातं आणि तो शब्द इथे दोन सेकंदात मिळतो.

आता पाचवा स्टार. आर्त्स्टब्रीफ, म्हणजे डिस्चार्जच्या वेळी डॉक्टर पुढच्या डॉक्टरला जे पत्र लिहितो ते, त्यात धड वाक्यं कमी आणि शॉर्टफॉर्म्सच जास्त. डिक्शनरीत शॉर्टफॉर्म सापडला तरी दोन दोन तीन तीन अर्थ समोर येतात आणि कुठला घ्यायचा हे कोण सांगणार. एक ओळ बघा, ‘झेड.एन. एचडब्ल्यूआय’. झेड.एन. म्हणजे त्सुश्टांड नाख, पूर्वी होऊन गेलेलं काहीतरी, इंग्रजीत सरळ हिस्टरी ऑफ किंवा स्टेटस पोस्ट लिहायचं, ‘कंडिशन आफ्टर’ वगैरे लिहू नका प्लीज. आणि एचडब्ल्यूआय? हार्नवेगझइन्फेक्ट, म्हणजे लघवीचं इन्फेक्शन, किंवा हिंटरवांडइन्फार्क्ट, म्हणजे हार्ट अटॅक! दोन्ही सर्रास लिहितात. मग पत्र पुढे वाचायचं. औषधांत एएसएस १०० आहे का (हे अ‍ॅस्पिरिन बरं का, अ‍ॅसेटिलसॅलिसिलसॉयरे, इंग्रजीत तसंच सोडलं तर वाचणाऱ्याची करमणूक होते), स्टेंट टाकलाय का, केएचके लिहिलंय का, म्हणजे इंग्रजीतलं सीएडी, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार. ते असेल तर बहुधा अटॅक, आणि नुसतीच युरिन कल्चर आणि अँटिबायोटिक असेल तर दुसरं. आणि अटॅक ठरला तरी काम संपत नाही, कारण शब्दशः केलं तर पोस्टेरियर वॉल, हृदयाची मागची भिंत, होतं, पण जर्मन डॉक्टर हिंटरवांड म्हणतात तेव्हा बरेचदा त्यांना इन्फिरियर वॉल, म्हणजे खालची भिंत, म्हणायचं असतं, ईसीजीत टू, थ्री आणि एव्हीएफ या लीड्समध्ये बदल नोंदवलेत का बघायचं आणि तरीही शंका असेल तर पाठवणाऱ्याला विचारायचं, स्वतः ठरवायचं नाही.

म्हणून कोणी म्हटलं की मशीनमध्ये टाक की सरळ, तर माझं डोकं फिरतं. एका फुकटच्या मशीन ट्रान्सलेशनने, नाव घेत नाही, ‘आरआर १५०/९०, एचएफ ८८’ या ओळीचं रेस्पिरेटरी रेट १५०/९० आणि हार्ट फेल्युअर ८८ करून दिलं होतं. मिनिटाला दीडशे श्वास घेणारा माणूस! जर्मन कागदात आरआर म्हणजे ब्लडप्रेशर, रिवा-रोच्ची, १८९६ मध्ये दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायची पद्धत मांडणाऱ्या इटालियन डॉक्टरचं नाव, आणि एचएफ म्हणजे हेर्त्सफ्रेक्वेन्त्स, साधा हार्ट रेट. बाकीचं भाषांतर इतकं गुळगुळीत होतं की वाचताना कुठे अडखळायलाच होत नाही, आणि तोच खरा डोक्याला ताप आहे. शिवाय पेशंटचं नाव, जन्मतारीख न खोडता असं कुठेही पेस्ट करू नका, ते वेगळंच.

आकड्यांचं पण लक्षात ठेवा. जर्मनमध्ये टिंब आणि स्वल्पविराम उलटे, १,५ म्हणजे दीड आणि ल्युकोसाइट्स ११.२०० म्हणजे अकरा हजार दोनशे. गोळ्यांचं १-०-१ मात्र आपल्यासारखंच, सकाळ-दुपार-रात्र, पण क्लायंट अमेरिकन असेल तर त्यालाही ते फोडून सांगावं लागतं.

अजून एक गोष्ट जी कुठलीच डिक्शनरी सांगत नाही. क्लिनिकच्या बाह्यरुग्ण कागदांवर आयसीडी कोडच्या (आजाराचा आंतरराष्ट्रीय कोड) मागे एक अक्षर असतं, जी म्हणजे पक्कं निदान, व्ही म्हणजे संशय, झेड म्हणजे पूर्वी होऊन गेलेलं आणि ए म्हणजे आउसश्लुस, तपासून हा आजार नाही असं ठरलं! ते एवढंसं ए गळलं की नसलेला आजार इन्शुरन्सच्या फायलीत जाऊन बसतो आणि मग निस्तरत बसा. पत्राच्या मजकुरात संशयाचं व्ही मात्र व्ही.ए. असं येतं, फेरडाख्ट आउफ, सस्पेक्टेड. ओ.बी. म्हणजे ओने बेफुंड, काही ॲबनॉर्मल नाही. हे सगळं पाठच करून टाका.

मग मी जोडीला काय वापरते? शब्दाचा नेमका अर्थ बघायला प्शिरेम्बेल, जर्मन डॉक्टरांची १८९४ पासूनची डिक्शनरी, ऑनलाइनही आहे पण पैसे पडतात, आणि ती जर्मन-जर्मन आहे, त्यामुळे जर्मनची बी टू लेव्हल झालेली नसेल तर एवढ्यात घेऊ नका. गंमत म्हणजे एवढ्या गंभीर पुस्तकात १९८०च्या दशकात स्टाइनलाउस नावाच्या दगड खाणाऱ्या उवेची नोंद मुद्दाम घुसडली होती, लोरिओ या विनोदवीराची ती कल्पना, आणि नंतर ती काढली तर वाचकांनीच ओरडा करून परत घ्यायला लावली. जर्मन लोकांना विनोद कळत नाही म्हणणाऱ्यांना मी हे ऐकवते.

औषधांच्या बाबतीत मात्र सोनं म्हणजे युरोपियन मेडिसिन्स एजन्सीची साइट, पूर्ण फुकट. त्यांनी मंजूर केलेल्या औषधाची माहिती युरोपियन युनियनच्या जवळपास सगळ्या भाषांत, सेक्शनचे नंबर तेच. जर्मन पीडीएफ एका बाजूला, इंग्लिश दुसऱ्या बाजूला, दोन्हीत ४.८ उघडायचं, नेबेनविर्कुंगेन म्हणजे अनडिझायरेबल इफेक्ट्स, बास. तिथेच कळतं की ‘गेलेगेंटलिख’ला इथे ऑकेजनल नाही तर अनकॉमन म्हणायचं, म्हणजे हजारात एक ते शंभरात एक या पट्ट्यातला साइड इफेक्ट, तो ठरवून दिलेला शब्द आहे, आपली शैली इथे नको. जे ड्रग सेफ्टीत नोकरी करतात त्यांच्याकडे ऑफिसातून मेड्रा, म्हणजे वैद्यकीय शब्दांची आंतरराष्ट्रीय कोडवार यादी, असतंच, त्यात आठ आकडी कोड जर्मनला नि इंग्लिशला एकच, जर्मन टर्म शोधा, कोड घ्या, इंग्लिश टर्म समोर. आम्हा फ्रीलान्सवाल्यांना ते परवडणारं नाही म्हणून एवढंच.

तर शिकत असाल तर डिक्ट डॉट सीसीचं ॲप आजच टाका, शिक्के बघायची सवय लावा आणि शॉर्टफॉर्म्सची स्वतःची एक वही करा. आणि कामाला लागलात की एजन्सीवाले म्हणतील मॅडम मशीनने केलंय, फक्त नजर फिरवा, अर्धा रेट देतो. ओळ न् ओळ मूळ कागदाशी ताडून बघायला मुळात भाषांतर करण्याइतकाच वेळ जातो, कधी जास्तच. आर्त्स्टब्रीफ असेल तर मी पूर्ण रेट सांगते, पटलं तर पाठवतात.