मकरपुऱ्यातली मायक्रोपिपेट दुरुस्ती आणि कॅलिब्रेशन: हात चोख, कागद अर्धवट

बडोद्यात जीवशास्त्र विभागांची अडचण एकच: सकाळी बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला वापरलेली मायक्रोपिपेट (मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचे हजारावे भाग, मोजून उचलणारं हातातलं साधन) दुपारी पीएच.डी.च्या टेबलावर जाते. पोरं प्लंजर (वरचं दाबायचं बटण) झटकन सोडतात, बफर (क्षारांचं द्रावण) टिपेतून वर उडतं. किंवा भरलेली टिप लावून पिपेट आडवी ठेवतात. आत मीठ साचतं, पिस्टन खरवडतो, सील झिजतं. मकरपुरा जीआयडीसीतल्या या छोट्या वर्कशॉपचा हात त्या कामात बसलेला आहे. पिपेट पूर्ण खोलतात, ओ-रिंग (सीलची रबरी कडी) बदलतात, ग्रीस नावापुरतंच लावतात (जास्त ग्रीस म्हणजे पिस्टन चिकटलाच). पाणी भरून २० सेकंद उभी धरली तर टिपेच्या टोकाला थेंब लोंबत नाही.

कॅलिब्रेशन, म्हणजे पिपेट खरंच किती घेते याची तपासणी, उचललेल्या पाण्याच्या वजनावर होतं: क्षमतेच्या १०, ५० आणि १०० टक्क्यांना प्रत्येकी १० रीडिंग. आयएसओ ८६५५ या पिपेटांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १००० मायक्रोलिटरच्या पिपेटला ±८ मायक्रोलिटरची सूट आहे. २५ अंशांना ९९६ मिलिग्रॅम भरलं म्हणून पिपेट कमी घेते असं समजू नका. वजनावरून आकारमान काढायचा त्या तापमानाचा गुणक १.००४० लावला की बरोबर १००० मायक्रोलिटर होतात.

आता तक्रार. सर्टिफिकेटवर दुरुस्तीनंतरचेच आकडे येतात, पिपेट आली तेव्हाचे नाहीत. शिकवण्यापुरतं हे चालेल, संशोधनाला नाही. १० ऐवजी ९.५ मायक्रोलिटर उचलणाऱ्या पिपेटने ९० मायक्रोलिटर द्रवात मिसळत पाच वेळा दहापट डायल्यूशन केलं, तर शेवटच्या नळीत सुमारे २० टक्के माल कमी असतो. मागच्या सहा महिन्यांच्या क्यूपीसीआरवर (डीएनएचं प्रमाण मोजणारी चाचणी) किती विश्वास ठेवायचा, ते फक्त आधीचा आकडा सांगतो. पिपेट देतानाच तो लेखी मागा. मागितला तर देतात.

लॅबमध्ये येऊन करतात ती सेवा मोठ्या पिपेटपुरतीच घ्या. सोबत आणलेला वजनकाटा ०.१ मिलिग्रॅमपर्यंतच दाखवतो; १ मायक्रोलिटर पाण्याला तेवढ्यानेच १० टक्क्यांचा फरक पडतो. वर पंख्याचा वारा आणि मे महिन्यातलं बाष्पीभवन! २ आणि १० मायक्रोलिटरच्या पिपेट वर्कशॉपलाच पाठवा.

पाठवण्याआधी ७० टक्के इथेनॉलने पुसा आणि प्रॅक्टिकलच्या पिपेटांना रंगीत टेप लावा. परत येताना दोन्ही संच एकाच खोक्यात येतात.