आईच्या म्हातारपणाची सोय करायला गेलो आणि 8,36,000 रुपये गेले

रक्कम आधीच सांगतो. इच्छापत्र आणि इतर कागदांचे 21,000. वृद्धाश्रमातल्या खोलीची ‘परत मिळणारी’ अनामत 7,50,000. तीन महिन्यांचं आगाऊ शुल्क, दरमहा 35,000 प्रमाणे 1,05,000. एकूण 8,76,000. त्यातले 40,000 परत मिळाले, तेही मी सकाळी सहाला पैसे घेणाऱ्या माणसाच्या दारात जाऊन बसलो म्हणून.

आई 81 वर्षांची. 2024 च्या दिवाळीनंतर बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं. तिला सांभाळायला ठेवलेल्या ब्युरोच्या बायका दोन महिन्यांत चार बदलल्या. मी 59 चा, बायकोचे गुडघे गेलेले, ताई नाशिकला स्वतःच्या सासूबाईंचं करते. त्यात आई विसरायला लागली, एकदा गॅस चालू ठेवून झोपली. “आईला टाकायला निघाला होता, बरं झालं,” असं पैसे बुडाल्यावर दोघा नातेवाइकांनी ऐकवलं. त्यांनी एक रात्र तिच्या उशाशी बसून दाखवावं.

ज्यानं हे पैसे घेतले तो माणूस आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात इच्छापत्र आणि दीर्घ आजारपण या विषयावर बोलायला आला होता. त्यानं सांगितलेलं सगळं खरं होतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. इच्छापत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार पुरतात. माणसाला समजेनासं झालं की त्याचं मुखत्यारपत्र (आपल्या वतीनं व्यवहार करायला दुसऱ्याला दिलेला अधिकार) कामाचं राहत नाही, म्हणून वेळीच सगळं करा. मी घरी येऊन पडताळून पाहिलं, प्रत्येक वाक्य बरोबर निघालं आणि तिथेच माझा विश्वास बसला. पुढच्या आठवड्यात तो घरी आला, आईच्या पाया पडला, तिला मावशी म्हणाला.

कर्जतच्या बाजूला जागा दाखवायला नेलं. सोळा खाटा, हात धरायला कठडे, ऑक्सिजनचं यंत्र, व्हीलचेअरसाठी उतार. आजी-आजोबा सहलीला गेलेत म्हणाला. तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. सोळा माणसांच्या घरात साडेबाराला फोडणीचा वास नको? कुकरची शिट्टी नको? मी स्वयंपाकघरात डोकावलो होतो हो. ओटा कोरडा, शेगडीवर एक डाग नाही, सिलिंडर दिसला नाही. चादरींवर घडीच्या रेषा तशाच होत्या. हे सगळं मी पाहिलं आणि मनात म्हणालो, किती स्वच्छ ठेवलंय! अजून रात्री तो कोरडा ओटा डोळ्यांसमोर येतो. सहलीला कोण गेलं होतं? ज्यांना खाटेवरून उठवत नाही ते?

दुसरी खूण चेकची. बोलण्यात सतत ‘प्रतिष्ठान’, आणि चेक मागितला कुठल्याशा एंटरप्रायझेसच्या नावानं. 31 वर्षं लेखा विभागात काढलेल्या माणसानं तिथेच थांबायला हवं होतं. विचारलं मी, नाही असं नाही. “सर, जीएसटीसाठी वेगळं खातं आहे,” म्हणाला. त्या दिवशी आईला तीनदा उठवून बसवलं होतं, डोकं चालत नव्हतं. आईची ठेव मुदतीआधी मोडून 17 जानेवारी 2025 ला चेक दिला. प्रतिष्ठान म्हणणाऱ्याकडे नोंदणी क्रमांक मागा, धर्मादाय आयुक्तांच्या नोंदीत तो तपासा आणि चेक त्याच नावानं लिहा. मी हे तपासलं एप्रिलमध्ये, त्या जागेच्या गेटला कुलूप दिसल्यावर.

मग सरकारी दारं. आमच्या पोलीस ठाण्यात सांगितलं, हा देण्याघेण्याचा वाद आहे, कोर्टात जा. जागेच्या ठाण्यात सांगितलं, चेक तुमच्याकडे दिलात, तिकडेच जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 म्हणतं की हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते. त्याची छापील प्रत घेऊन गेलो. “कायदा आम्हाला शिकवू नका.” दुसरीकडे म्हणाले, रक्कम आमच्याकडे येण्याइतकी मोठी नाही. एका ऑनलाइन तक्रारीवर ‘संबंधित विभागाकडे वर्ग’ असा शेरा आला आणि तक्रार निकाली दाखवली. कुणी वाचली तरी का? एका साहेबांनी तर ज्येष्ठ नागरिकांच्या न्यायाधिकरणात जायला सांगितलं. 2007 च्या कायद्याचं ते न्यायाधिकरण मुलं-नातेवाईक सांभाळत नाहीत याची दाद घेतं. म्हणजे आईनं माझ्याविरुद्ध अर्ज करायचा का? सहा फेऱ्या झाल्या, एका ठिकाणी प्यायला पाणीसुद्धा विचारलं नाही. तोंडी काही सांगू नका, लेखी द्या आणि पोच घ्या. ठाणं ऐकत नसेल तर अर्ज पोस्टानं वरिष्ठांना पाठवा, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ती मी केली आहे.

पैशांपेक्षा वाईट गोष्ट ताईच्या लक्षात आली. त्यानं आईसाठी केलेल्या इच्छापत्रात एक्झिक्युटर, म्हणजे इच्छापत्र अमलात आणणारा, म्हणून आम्हा दोघांपैकी कुणाचं नाव नव्हतं, त्याच्या भागीदाराचं होतं. मी फक्त फ्लॅटचं कलम वाचलं होतं. आईला समजतंय असा डॉक्टरांचा दाखला त्याच दिवशीचा घेऊन नवं इच्छापत्र केलं, कारण शेवटचं तेच धरलं जातं. आणखी सहा महिने गेले असते तर तो दाखला मिळालाच नसता. ज्यांच्या घरी विसरण्याची सुरुवात झाली आहे त्यांनी पुढच्या सणाची वाट बघू नये.

आत्तापर्यंत आम्ही फसलेली चार घरं एकत्र आलो आहोत. तुम्हीही कर्जतच्या बाजूला अशी अनामत भरली असेल तर पावती जपा आणि वटलेल्या चेकची दोन्ही बाजूंची प्रत बँकेकडून आजच मागा. आमच्यातल्या एका घरानं 4,00,000 रोख दिले होते. त्यांच्याकडे दाखवायला कागदाचा कपटाही नाही.