लॉकरिंग भलत्याच दिशेला सुटली

जुन्या सुट्या भागांतून स्वतःची ट्रॅक सायकल, म्हणजे गोल धावपट्टीवरच्या शर्यतीची सायकल, जुळवायचं खूळ एकदा डोक्यात शिरलं की माणूस रात्री झोपण्याआधी हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचे, फोटो बघत बसतो. मीही बसायचो. स्टीलची जुनी फ्रेम, 165 मिमीचे क्रँक (पेडलचे दांडे), 1/8 इंची चेन, सगळं हळूहळू जमलं होतं. अडलं होतं मागच्या हबवर, आणि नेमका तिथेच गंडलो.

विकणारा बोलायला गोड. “हब सुटा कशाला घेता? मी चाकच बांधून देतो, स्प्रॉकेटही, म्हणजे चेनचं दातेरी चाकही, बसवतो. तुम्ही फक्त फ्रेममध्ये अडकवा.” मला त्यात त्याचा चांगुलपणा दिसला. सुटा हब माझ्या नजरेस पडूच नये म्हणून ही मेहरबानी होती, हे फार उशिरा कळलं. फोटो पाठवले तेही पॉलिश मारलेले, लांबून काढलेले. दुसरं गिऱ्हाईक पैसे घेऊन बसलंय म्हणाला आणि मी त्याच रात्री सगळी रक्कम पाठवून मोकळा.

ट्रॅक सायकलला फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबले तरी चाक मोकळं फिरू देणारा भाग, नसतं आणि ब्रेकही नसतात. वेग उतरवायचा तर पाय मागे रेटायचे. पण या रेटण्यानं स्प्रॉकेट सुटायच्या दिशेला जोर येतो. म्हणून खऱ्या ट्रॅक हबवर आट्यांच्या दोन पायऱ्या असतात. आतली मोठी, 1.37 इंची, स्प्रॉकेटसाठी. बाहेरची लहान, 1.29 इंची, लॉकरिंगसाठी, म्हणजे स्प्रॉकेट अडवून धरणाऱ्या कड्यासाठी, आणि तिचे आटे उलटे. स्प्रॉकेट सुटू पाहिलं की लॉकरिंग उलट आणखी आवळते.

माझ्या चाकात होता रोड सायकलचा जुना हब. फ्रीव्हीलचे आटेही बहुधा 1.37 इंची, इंचाला 24, त्यामुळे स्प्रॉकेट त्यावर बेमालूम चढतं. पाच गिअरच्या जुन्या हबची रुंदीही 120 मिमीच, म्हणजे ट्रॅक फ्रेमचीच. व्हर्निअर लावूनसुद्धा मी खूशच झालो असतो! त्यावर लॉकरिंग म्हणून आवळलेली होती बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे फ्रेममध्ये क्रँकचा आस बसतो त्या भागाची, सरळ आट्यांची रिंग. स्प्रॉकेट फिरलं की तीही त्याच्याबरोबर फिरणार.

तिसऱ्याच दिवशी फिरली. चार फेऱ्या मारून वेग उतरवायला पाय मागे रेटले, ‘कट्’ आवाज आला आणि पेडल पाव फेरी नुसतेच मोकळे गेले. पोटात गोळा आला. नशिबानं वेग फार नव्हता आणि पुढे कोणी नव्हतं; वळणं घेत घेत सायकल आपोआप थांबेपर्यंत तसाच बसून राहिलो.

घरी स्पॅनर लावला. खरी लॉकरिंग घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं सुटते. ही त्या दिशेला हलेना. सवयीनं उलटा झटका दिला आणि अलगद हातात आली. आट्यांत निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे घट्ट धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवाचा) पापुद्रा. खाली आटे एकसलग, पायरी नाहीच. या दोन पायऱ्यांबद्दल मी कितीदा वाचलं होतं. स्पॅनर मात्र आधी एकदाही लावला नव्हता.

तुम्ही घेणार असाल तर बांधलेलं चाक घेऊच नका, निदान स्प्रॉकेट आणि रिंग काढून उघड्या हबचा जवळून काढलेला फोटो मागा. “काढता येत नाही, गंजून बसलंय” असं उत्तर आलं तर तेही उत्तरच समजा. रिंग कुठल्या दिशेला सुटते, याचा व्हिडिओ पाठवायला अर्धा मिनिट लागतो. पैसे माल तपासून मगच.

मी तक्रार केल्यावर तो आधी “विंटेज माल असाच असतो” म्हणाला. मग नरमला. हब परत पाठवा, निम्मे पैसे देतो, म्हणे. निम्मे तर निम्मे, असं क्षणभर वाटलंही. पण तोच हब पॉलिश होऊन दुसऱ्या कुणाच्या तरी पायाखाली जाणार, हे दिसत होतं. करवतीनं मधोमध कापला आणि दोन्ही तुकड्यांचा फोटो त्याला पाठवून दिला.