मटमध्ये पत्ता शोधायचा तर: एबुक, खार्ड की नॉटमच?

टर्मिनलवर मेल लिहिताना 'टू' आलं की अडतं. पत्ता आठवत नाही आणि हात मोबाइलकडे जातो. रोजची वीस-पंचवीस माणसं असतील तर मट या टर्मिनलवरच्या मेल प्रोग्रॅमची एलियस, म्हणजे टोपणनावांची, फाइल पुरते: टोपणनाव लिहा, पुढे जा. माणसं वाढली की शोध जोडावाच लागतो.

मट स्वतः शोधत नाही. क्वेरी कमांड या सेटिंगमध्ये दिलेला प्रोग्रॅम तो चालवतो. तुम्ही दोन-चार अक्षरं लिहून कंट्रोल-टी दाबलंत की ती त्या प्रोग्रॅमकडे जातात. उत्तराची रीत ठरलेली आहे. पहिली ओळ नुसता संदेश, यादीत न धरायची. पुढे प्रत्येक ओळीत पत्ता, टॅब, नाव. एवढं पाळणारा कुठलाही प्रोग्रॅम चालतो, म्हणून आजची निवड उद्या बदलता येते.

एबुक (abook) हा पत्त्यांच्या वहीचा प्रोग्रॅम सगळ्यात सोपा. पत्ते एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये राहतात आणि आलेला मेल त्याच्याकडे पाइप केला, म्हणजे थेट सोपवला, की पाठवणाऱ्याचा पत्ता नोंदला जातो. पण फोनशी त्याचा संबंध नाही. दूरच्या सर्व्हरवर बसून काम करणाऱ्याला मी हेच सुचवेन.

खार्ड व्हीकार्ड फाइली वाचतं, म्हणजे एकेका संपर्काची माहिती ठेवणाऱ्या फाइली. सिंक त्याचं काम नाही. ते व्हीडिरसिंकर हा वेगळा प्रोग्रॅम करतो, म्हणजे नेक्स्टक्लाउडसारख्या कार्डडॅव्ह (संपर्क सिंक करायची पद्धत) सर्व्हरवरून तुमचे संपर्क संगणकावर आणून ठेवतो. दोन कॉन्फिग फाइली लिहाव्या लागतात आणि पहिली संध्याकाळ त्यातच जाते. त्यानंतर मात्र फोनवर बदललेला पत्ता पुढच्या सिंकला टर्मिनलवर येतो, आणि माझ्या मते हा फायदा त्या संध्याकाळपेक्षा कितीतरी मोठा आहे. मटऐवजी एर्क (aerc) हा टर्मिनलवरचा दुसरा मेल प्रोग्रॅम वापरत असाल तर खार्डला पहिली ओळ गाळायला सांगा, नाहीतर तो संदेशच पत्त्यांच्या यादीत शिरतो.

नॉटमच हा साठलेल्या मेलमध्ये शोधणारा प्रोग्रॅम, त्याची गोष्ट वेगळी. मेलचा इंडेक्स (शोधसूची) तिथे आधीच असतो, त्यातूनच ते पत्ते काढतं, त्यामुळे वही ठेवायची गरजच नाही. सरळ पाठवणाऱ्यांचे पत्ते मागितलेत तर बँका, वृत्तपत्रिका, उत्तर न घेणारे पत्ते सगळे गोळा होतात. म्हणून 'मी पाठवलेल्या मेलमधले प्राप्तकर्ते' एवढंच मागा. ज्यांना आपण स्वतः लिहिलंय तीच माणसं उरतात आणि यादी एकदम कामाची होते. उत्तर नाव आधी, पत्ता नंतर असं येतं. ते उलटवायला लहानशी स्क्रिप्ट लागते. धोका जुन्या पत्त्यांचा. मित्राने नोकरी सोडून दोन वर्षं झाली होती, तरी त्याच्या जुन्या ऑफिसच्या पत्त्यावर मी घरगुती मेल पाठवून बसलो. यादीत तोच पत्ता वर होता.

खार्ड आणि नॉटमच दोन्ही हवं असेल तर लिटल ब्रदर्स डेटाबेस हा प्रोग्रॅम अनेक ठिकाणी एकदम शोधतो.

फोनमध्ये संपर्क असतील तर खार्ड घ्या. दहा वर्षांचा मेल साठलाय पण वही कधी ठेवली नाही, तर नॉटमच. फक्त खार्ड घेताना आपल्या लोकांनी एक बघावं: फोनमध्ये नावं मराठीत असतील तर रोमन अक्षरांत नाव लिहून ती सापडणार नाहीत. पत्ता रोमनच असतो, तेव्हा त्यातली अक्षरं लिहा.