जगप्रदक्षिणेनंतर घेतलेली डिजिटल फोटो फ्रेम : नऊ महिन्यांनंतर

आधीच सांगते, ही फ्रेम मी माझ्यासाठी घेतली आणि वापरतात आमच्या आई, म्हणजे सासूबाई. त्यामुळे हा अनुभव निम्मा माझा, निम्मा त्यांचा. कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत. मडगावच्या दुकानात चार फ्रेमा पाहिल्या, चारही एकमेकींच्या सख्ख्या बहिणी वाटल्या. त्यातली साडेनऊ हजारांची उचलली. दहा इंची पडदा, 1280 बाय 800, कडेला लाकडासारखी दिसणारी चौकट. जून 2025 मध्ये घेतली, आता मार्च आहे.

फ्रेम का लागली, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. ह्यांनी बत्तीस वर्षं बोटीच्या इंजिनरूममध्ये काढली. आमच्या गोव्यात घरटी एक माणूस बोटीवर, त्यात नवल नाही. पण ह्यांची एक खंत होती. पनामा कालव्यातून नऊ वेळा गेले आणि तो एकदाही पाहिला नाही. बोट कालव्यात शिरली की इंजिनवाल्यांना आपापल्या जागेवर हजर राहावं लागतं, आणि त्या कंट्रोलरूमला खिडकी नसते. निवृत्तीनंतर भाटाचा, म्हणजे नारळाच्या बागेचा, एक तुकडा विकला, त्यातून काही पैसे बाजूला पडले, तेव्हा म्हणाले, "आता वरून बघूया." म्हणून जानेवारी 2025 मध्ये साउथॅम्प्टनहून निघालो ते एप्रिलअखेर परत. पश्चिमेकडून गेलो : मदेरा, कॅरिबियन, पनामा, सॅन फ्रान्सिस्को, हवाई, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, कोलंबो. तिथून पुढे सुएझ नाही, कारण लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बहुतेक बोटी तिकडून जायच्या थांबल्या होत्या. मॉरिशस आणि केप टाऊनवरून आफ्रिकेला वळसा घालून वर. कोलंबोला उभी होते तेव्हा घर इतकं जवळ होतं की आईंच्या हातचं सोलकढीचं भांडं दिसायला लागलं.

पनामाच्या दिवशी हे पहाटे पाचला जाऊन कठड्याला चिकटले. गातूनच्या तीन पायऱ्यांत, म्हणजे दारं लावून पाणी भरायच्या हौदांत, बोट 26 मीटर वर चढते. पंप नाही काही नाही, तळ्याचं पाणी आपल्या वजनानं खाली येतं आणि एवढं धूड उचलतं. दोन्ही काठांवरून छोटी इंजिनं, ज्यांना तिथे 'म्यूल' म्हणजे खेचर म्हणतात, तारांनी बोटीला मधोमध धरून ठेवतात. हे सगळं ह्यांना तोंडपाठ होतं. तरी संध्याकाळी मिराफ्लोरेस उतरून पॅसिफिकला लागेपर्यंत माणूस जागचा हलला नाही. जेवायला बोलवायला गेले तर म्हणाले, "खाली पोरं उकडत असतील गं." त्या क्षणाचा फोटो आमच्या फ्रेममध्ये आहे. तो कोणी काढला ते पुढे सांगते.

आता मैत्री. शंभराहून जास्त दिवस एकाच बोटीवर काढले की माणसं सुटत नाहीत. रात्रीच्या जेवणाला आमचं आठ जणांचं ठरलेलं टेबल. पण माझी सगळ्यात घट्ट मैत्रीण टेबलावर नाही, धोबीखान्यात भेटली. बोटीवर प्रवाशांनी स्वतः कपडे धुवायची खोली असते, आणि बंदर नसलेल्या दिवशी सकाळी तिथे जे राजकारण चालतं ते आमच्या पंचायतीतही नसेल. तीन इस्त्रीची टेबलं, बारा बायका. मी साडी घेऊन उभी राहिले तेव्हा सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. साडेपाच मीटर कापड, संपणार कधी? यॉर्कशायरची एक निवृत्त नर्स पुढे आली, काही न बोलता साडीचं दुसरं टोक धरलं आणि मागं मागं जात दारापर्यंत पोचली. बोट डुलत होती. मी इकडून घडी घालायची, ती तिकडून, मध्येच दोघी एका बाजूला कलायचो. ह्याचा फोटो नाही, काढणारं कोणी नव्हतं. उतरताना मी तिला एक नारायणपेठ दिली.

परत आल्यावर सगळ्यांसारखा आमचाही व्हॉट्सॲप ग्रुप झाला, त्रेचाळीस जणांचा. मे महिन्यात रोज शंभर मेसेज, जूनपर्यंत वाढदिवसाचे केक आणि एक न संपणारा वाद. शिवाय व्हॉट्सॲप फोटो आवळून पाठवतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर मूळ आकारात येतात, पण सत्तरीच्या माणसांना ते कोण शिकवणार? मेसेज आला की उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर मनाला टोचत राहतं. मग हळूहळू उघडायचंच टाळलं जातं.

फोटो छापून अल्बम करावा म्हणाल, तर ह्यांचे ऐंशीच्या दशकातले बोटीवरचे फोटो गोदरेजच्या कपाटात डांबराच्या गोळ्या घालून ठेवले होते. तरी हाँगकाँगवर बुरशी आली आणि कोणत्या तरी कॅप्टनचं नाक गेलं. गोव्यातला पावसाळा कागदाला सोडत नाही.

म्हणून फ्रेम. ती सोप्यावर, टीव्हीशेजारी. तिचा एक कोड असतो, तो ज्याला दिला तो जगात कुठूनही आपल्या फोनवरून थेट तिच्यात फोटो टाकतो. उत्तर द्यायची सोय जवळपास नाहीच, एक बदाम दाबता येतो, बस्स. मला वाटलं होतं ही उणीव आहे. निघाली तीच खरी खुबी. बोटीवर भेटलेला, कॅनडातल्या मॅनिटोबाचा शेतकरी चार ओळी लिहायला महिना लावतो, पण रोज सकाळी खिडकीबाहेरच्या थर्मामीटरचा फोटो टाकतो. जानेवारीत उणे 31. आम्ही इथे पंख्याखाली बसून तो आकडा बघतो. त्याला काही विचारावं लागत नाही, आणि आज थर्मामीटर दिसलं म्हणजे माणूस उठून खिडकीपर्यंत गेला, एवढं कळतं.

आमच्या आई शहाऐंशी वर्षांच्या. त्यांनी बेळगावच्या पुढचं जग पाहिलेलं नाही. पहिले आठ दिवस त्यांनी फ्रेमकडे पाठ केली. "परक्यांची थोबाडं कशाला घरात?" मग एकदा ॲडलेडच्या जोडप्यानं परसातल्या लिंबाच्या झाडाचा फोटो टाकला. आई थांबल्या, जवळ गेल्या, म्हणाल्या, "पानं वळलीयेत. कीड लागलीय. सांग तिला." सांगितलं. आठवड्यानं पानं उलटी करून काढलेला फोटो आला, खरंच अळी होती. तेव्हापासून ही बाई आमच्या घरात 'लिंबूवाली'. मॅनिटोबाचा 'बर्फवाला'. जर्मनीचा निवृत्त शिक्षक, प्रश्नमंजूषेतला आमचा हुकमी एक्का, तो 'मास्तर'. नर्स 'इस्त्रीवाली'. आता पदेर सकाळी पाव देऊन गेला की आई चहा घेऊन फ्रेमसमोर बसतात आणि रात्रभरात कोणाचं काय आलं ते आम्हाला सांगतात. इस्त्रीवालीनं आमच्या नारायणपेठेचा स्वयंपाकघरात पडदा केलाय, हे त्यांनीच आधी ओळखलं. "नेसायला दिली होती ना गं?" दोन दिवस नाराज होत्या. पण काठ खालच्या बाजूला बरोबर घेतलाय, हे कबूल केलं.

आता तक्रारी. पहिली, वायफाय. ही फ्रेम फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालते, आणि आमच्या राउटरवर 2.4 आणि 5 दोन्हींना एकच नाव होतं. तीन दिवस 'जोडणी अयशस्वी'. शेवटी नेटवाल्या मुलानं दोन्हींची नावं वेगळी करून दिली, पाच मिनिटांचं काम. घ्यायच्या आधी हे बघाच. दुसरी, आत बॅटरी नाही. आमच्याकडे जुलैत लाईट दिवसातून चारदा जाते. परत आली की फ्रेम आपोआप सुरू होते, पण नेट येईपर्यंत घड्याळ भलतंच काहीतरी दाखवतं. इन्व्हर्टरवर घेतली तेव्हा प्रश्न मिटला. तिसरी, उभे फोटो. ते पडदाभर करायला जावं तर वरचं-खालचं कापलं जातं. मास्तर उंच, त्यांचं मुंडकं महिनाभर उडालेलंच होतं. सेटिंगमध्ये 'पूर्ण दाखवा' केलं की कडेला धूसर पट्ट्या येतात, पण माणूस तरी अख्खा दिसतो. चौथी, फोटोखाली मराठीत ओळ लिहिली तर सुरुवातीला नुसते चौकोन दिसायचे. नंतरच्या अपडेटनं अक्षरं आली, पण वेलांट्या अजून शेजारच्या घरी जाऊन बसतात. ती लाकडी दिसणारी चौकट म्हणजे दाबलेला भुसा आहे, ऑगस्टमध्ये खालचा कोपरा फुगला. व्हिडिओ पंधरा सेकंदांपुढे घेत नाही, जे माझ्या मते फार चांगलं आहे.

सगळ्यात चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. घेताना खोक्यावर लिहिलं होतं की फोटोंची एक प्रत कंपनीकडे फुकट राहील. ऑक्टोबरात निरोप आला की आता त्याला वर्षाचे पैसे भरा. मी भरले नाहीत. सगळे फोटो एका हार्ड डिस्कवर उतरवून घेतले, दर महिन्याच्या एक तारखेला उतरवते. फ्रेमवर भरवसा ठेवून फोनमधले फोटो पुसू नका. एवढं सगळं धरून पाचपैकी साडेतीन देईन. आईंना विचारलं तर त्या पाच देतील, पण बिल त्यांनी भरलेलं नाही.

एक फजितीही सांगते. चवथीला आमच्याकडे माटोळी मोठी असते. हे आणि पुतण्या दोन दिवस आधी रानात जाऊन कवंडाळ, कांगणी आणतात, मग सुपारीचे घोस, नारळ, तोरिंग, चिबूड, आंबाडे सगळं गणपतीवर बांधायचं. तो फोटो मी सगळ्यांना पाठवला होता. आरतीला घर भरलेलं, जमलेली माणसं फ्रेमसमोर उभी राहून बोटीचे फोटो बघताहेत, आणि मध्येच पडदाभर एक्स-रे. बर्फवाल्याच्या बायकोचा नवा खुब्याचा सांधा, स्क्रूसकट. तिला तो मुलीला पाठवायचा होता, चुकून आमच्या यादीत गेला. भटजी क्षणभर थांबले. आई म्हणाल्या, "हे कोणाचं हाड?" चवथीच्या दिवशी! त्यानंतर मी 'नवीन फोटो लगेच दाखवा' बंद केलं. आता फोटो आधी माझ्या फोनवर येतो, मी हो म्हटलं तरच फ्रेमवर जातो. ही सोय पहिल्या दिवशीच चालू करून ठेवा.

आणखी एक प्रसंग ह्या फेब्रुवारीतला. पश्चिमेकडे जाताना दर दोन-चार दिवसांनी रात्री घड्याळ तासभर मागं घेतात. तासभर झोप जास्त, सगळे खूश. ती उधारी वाररेषेवर एकरकमी फेडावी लागते. आम्ही 10 फेब्रुवारीला झोपलो आणि 12 ला उठलो. मास्तरांचा सत्तरावा वाढदिवस नेमका 11 चा. म्हणाले, माझं वय वाढलंच नाही. तर यंदा 11 तारखेला आम्ही सातही जणांनी सत्तर आकडा घातलेलं काहीतरी करून फोटो टाकले. आईंनी ताटात तांदळाने 70 काढला, शून्याच्या मध्ये जास्वंद. मास्तरांनी बदाम दाबला.

त्याच आठवड्यात बोटीवर आमची केबिन सांभाळणारा मुलगा घरी आला. कुंकळ्ळीकडचा, कंत्राट संपवून सुट्टीवर. बोटीवर पहिल्याच दिवशी मी कोंकणीत बोलले तेव्हा त्याच्या हातातले टॉवेल पडायचे राहिले होते. येताना बेबिंका, गोव्याची ती थरांची मिठाई, घेऊन आला. आईंनी त्याला फ्रेमसमोर बसवलं आणि बर्फवाला कोण, लिंबूवाली कोण, अशी ओळख करून द्यायला लागल्या. तो ऐकत होता. तिसऱ्या-चौथ्या फोटोला हसून म्हणाला, "हो हांवें काडला." पुढच्यालाही तेच. कठड्याला टेकलेल्या ह्यांचा पनामाचा फोटो आला. "होय हांवेंच काडला. सायब रडटालो."

ह्यांनी चहाचा कप उचलला आणि उगाच आत गेले.

आईंनी विचारलं, "मागीर तूं खंय?" मग तू कुठे आहेस?

तो काही बोलला नाही. तो गेल्यावर मी बसून शोधले. फ्रेममध्ये अकराशे चाळीस फोटो, त्यात तो दोनदा. एकात पाठमोरा, दुसऱ्यात ट्रे धरलेलं कोपर. शंभरेक दिवस सगळ्यांनी आपापला फोन त्याच्या हातात दिला होता. निघताना मात्र मी त्याला आईंशेजारी उभा करून एक काढला होता, तो त्याच रात्री सगळ्यांना पाठवला. सकाळपर्यंत पाच बदाम.

तो मे महिन्यात परत बोटीवर जातोय. कुंकळ्ळीला त्याची आई एकटीच असते. घरी नेट आहे, राउटर 2.4 वर चालतो, हे विचारून घेतलंय. दुसरी फ्रेम मागवली आहे, वेगळ्या कंपनीची, साध्या काळ्या प्लास्टिकची. तिचा कोड टेबलावरच्या सगळ्यांना जाणार आहे. आईंची एकच अट, तिच्या फ्रेममध्ये हाडाचा फोटो जाता कामा नये.